दर मॅचला नऊ असिस्ट

२ जानेवारी, सकाळी ६.१०
नवीन वर्षाचा संकल्प: न्याय करायचा. कोणावर अन्याय झालेला मला पाहवत नाही, त्यातही गार्डवर. बास्केटबॉलमध्ये फोटो उंच लोकांचे छापून येतात; त्यांच्या हातात बॉल नेऊन देणाऱ्या गार्डला कोणी विचारत नाही.

निमित्त असं. जवाहरनगरच्या फॅक्टरी वसाहतीतल्या आमच्या कोर्टाला यंदा चाळीस वर्षं झाली. क्लबचा सेक्रेटरी अनुप २६ तारखेला तिथे बोर्ड लावणार आहे: 'आमचे पाच'. चार नावं ठरली. दुसऱ्या गार्डची जागा रिकामी. दावेदार दोन, सानगडीचा गोमाजी आणि मी. निर्णय भावनेने नको, करिअर स्टॅटिस्टिक्सने करा, असं मीच सुचवलं. आकडे काढायलाही मीच तयार झालो. निःपक्षपातीपणा माझ्या रक्तात आहे.

५ जानेवारी
फॉर्म्युला आधी जगातल्या प्रोफेशनल गार्डवर तपासणार. मोबाईलवरून वीस जणांचं अख्खं करिअर वहीत उतरवलं. पॉइंट, असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते तो), टर्नओव्हर (हातचा बॉल घालवणं) सगळं धरलं तर वर तेच आले, ज्यांच्या नावाचे बूट विकले जातात. हे कसले अंडररेटेड? पॉइंटचं वजन निम्मं केलं.

८ जानेवारी
पॉइंट काढूनच टाकले. बास्केट कोणीही करतो. टर्नओव्हरही काढले, बॉल कोणाच्या चुकीने गेला हा मताचा प्रश्न आहे. असिस्ट गुणिले तीन. उंची कमी असेल तर दहा मार्क. चष्मा असेल तर पाच.

आता पहिला आला बारा वर्षांत नऊ टीम फिरलेला एक गृहस्थ. सरासरी साडेतीन पॉइंट. जगाने या माणसाची काय कदर केली? वाईट वाटलं. माझी सरासरी सव्वातीन आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

साधनाने भाजी आणायला सांगितली होती. राहून गेली. बायकोला रिसर्च म्हणजे काय ते कळत नाही.

११ जानेवारी
क्लबच्या कपाटातून जुनी रजिस्टरं आणली. सगळी साधनाच्याच हातची. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. तिचे वडील फॅक्टरीत, क्वार्टर कोर्टाला लागून, अक्षर सुरेख; म्हणून कोच तिला स्कोअरच्या टेबलवर असिस्ट लिहायला बसवायचे.

निकाल: माझे दर मॅचला नऊ असिस्ट. गोमाजीचे दोन. फॉर्म्युल्याप्रमाणे मी बेचाळीस, गोमाजी सहा. त्याचे दर मॅचला चौदा पॉइंट आहेत, पण तो रकाना आता नाही. मलाही वाईट वाटलं. विज्ञानापुढे इलाज नाही.

१४ जानेवारी
एक बारीक गोष्ट. नऊची सरासरी घरच्या मॅचची. बाहेरगावच्या मॅचमध्ये, जिथे त्यांचाच माणूस लिहायचा, तिथे एक. कारणं: परकं पाणी, बसचा प्रवास. बाहेरच्या मॅच धरल्या नाहीत.

दुपारी गोमाजीचा फोन. धान निघालं म्हणाला. बोर्डावर नाव असो नसो, २६ ला येणारच आणि वहिनीसाठी नवा तांदूळ आणणार. बोर्डाबद्दल एक शब्द जास्त विचारला नाही. मला हे आवडलं नाही. माणसाने थोडं तरी भांडावं.

१७ जानेवारी
अनुप आजकालची पोरं असतात तसा, हातात कॅल्क्युलेटर. मी दाखवायला नेलेल्या रजिस्टरातून त्याने एका मॅचमधल्या आमच्या टीमच्या एकूण बास्केट मोजल्या. बावीस. त्याच मॅचमध्ये माझे असिस्ट चोवीस. कसं काय, असं नम्रपणे विचारलं. असिस्ट ही खोल गोष्ट आहे, असं सांगून आलो.

घरी विचार केला. दोन बहुधा समोरच्या टीमला गेले असावेत.

१९ जानेवारी
शेवटी साधनालाच विचारलं. म्हटलं, तूच साक्षीदार, अनुपला येऊन सांग. ती मेथी निवडत होती. हसली. मग म्हणाली:

"तुमी पास दिला का दर वेळी माह्याकडे पाहत होते. मले वाटे, लाजून बोलत नाही बिचारा. मंग मी एक असिस्ट लिहून देत होती."

बास्केट झाली की नाही ते पाहत नव्हतीस का, विचारलं. तर म्हणे, "मी कायले तिकडे पाहू?"

आता खरं काय ते इथे लिहितो. मी तिच्याकडे पाहत नव्हतो. असिस्ट लिहिला की नाही ते पाहत होतो. रजिस्टरकडे.

इतक्या वर्षांत ही गोष्ट तिला कळली नाही. पुढेही कळता कामा नये.

२० जानेवारी
अनुपकडे गेलो. फॉर्म्युल्यात तांत्रिक दोष निघाला, गोमाजीचं नाव घ्या, असं सांगितलं. दोष कोणता ते सांगितलं नाही. रजिस्टर इथेच राहू द्या, अनुप म्हणाला, अक्षर फार छान आहे.

जागतिक यादी फाडली. बारा वर्षंवाल्या गृहस्थाची माफी मागितली, मनात. त्याच्या टेबलवर कोण बसत होतं कुणास ठाऊक.

२६ जानेवारी, दुपारी
बोर्ड लागला. पाच नावं, त्यात गोमाजी. खाली एक ओळ, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती: 'गुणलेखन: सौ. साधना'. म्हणजे आमच्या घरातलं नाव लागलं. माझं नाही.

गोमाजीने तांदळाची पिशवी माझ्याकडेच धरायला दिली. बोर्डावरचं नाव पाहून डोळे पुसत होता. मला म्हणाला, "मले वाटलं होतं तुह्यंच नाव असन. पास तर तूच देत होता."

मग फोटो. साधनालाही बोर्डाजवळ उभं केलं. मी अंदाजाने बरोबर मधोमध उभा राहिलो. गोमाजी म्हणाला, "जरा बाजूले सरक ना गड्या, वहिनीचं नाव झाकून राहिलं."

सरकलो.

अनुपने फोटो लगेच पाठवला. सगळे कॅमेऱ्याकडे पाहताहेत. मी एकटाच, पिशवी घेऊन, साधनाकडे पाहतो आहे. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, सवय काही गेली नाही तुमची.

हो म्हणालो. रजिस्टर तर आज तिथे नव्हतंच.