चुन्याच्या गल्लीतली रिकामी जागा

४ ऑक्टोबर, सोमवार

जेनोआला पोचलो! घरी तोरिनोत धुकं, आणि इथे स्टेशनाबाहेर पाऊल टाकतो तो लख्ख ऊन, समुद्राचा वारा आणि समोरच्या दुकानात भट्टीतून नुकतीच काढलेली, तेलाने निथळणारी फोकाच्चा, इथली चपटी पावरोटी. दोन तुकडे उभ्या उभ्या खाल्ले, बोटं चाटली आणि शीळ घालत निघालो. या शहराबद्दल चांगलं बोलण्यासारखं जे काही होतं ते इथे संपलं.

काम नेहमीचं, प्रवासाच्या मासिकाचं. 'जेनोआत उतरायचं तर कुठल्या भागात?' चार भाग, चार परिच्छेद, प्रत्येकाला एक ते पाच तारे. बावीस वर्षं मी वाचकांना हे सांगत आलोय, आणि खरं तर त्यातल्या निम्म्या शहरांचं मी स्टेशनसुद्धा पाहिलेलं नाही. वाचक बिचारे विश्वास ठेवतात. स्वतःचं अंथरूण कुठे घालायचं हेही ज्याला दुसऱ्याला विचारावं लागतं, त्याची फसवणूक कसली! पण यंदा आमच्या संपादिकेला प्रामाणिकपणाचा झटका आलाय. प्रत्येक भागात तीन-तीन दिवस राहायचं म्हणे, आणि मग लिहायचं.

गाडीतच मी मनाशी निकाल लावून टाकलाय. कास्तेल्लेत्तो: टेकडीवर, लिफ्टने जायचं, तिथल्या म्हाताऱ्या आपल्या कुत्र्यांना अहो-जाहो करतात आणि मोलकरणींना अगं-तुगं. नेर्वी: निवृत्त दंतवैद्यांनी मरणाची वाट बघत बसावं म्हणून केलेली बाग. बोक्कादास्से: कोळ्यांची वस्ती म्हणतात, पण कोळ्यांपेक्षा त्यांचे फोटो काढणारे जास्त. उरला मोलो, बंदरालगतचा गल्ल्यांचा गुंता. तिथे ऊन दुपारी बाराला येतं आणि सव्वाबाराला शरमून परत जातं. सुरुवात तिथूनच केलीय. वाईट ते आधी उरकलेलं बरं.

चुन्याच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. मालकीण एर्सीलिया त्राव्हेर्सो, सत्तरीची, अंगात पुरुषाचा स्वेटर. तिने मला बाजारात मासा निवडावा तसं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बसेल." काय बसेल, विचारलं, तर किल्ली हातावर ठेवली.

५ ऑक्टोबर, मंगळवार

इथली माणसं सकाळी खारट फोकाच्चा दुधाच्या कॉफीत बुडवून खातात. असल्या जमातीकडून काय अपेक्षा करायची?

एर्सीलियाबाईंनी मला स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. ती त्यांच्या नवऱ्याची. बाचिच्चा त्याचं नाव. बंदरात माल उचलणारी यारी चालवायचा, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं साखळीत गेलेली, जन्मभर कुरकुर करत जगला आणि दोन आठवड्यांपूर्वी वारला. बाई हे भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. मी सांत्वनाचं काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाल्या, "राहू द्या हो, दोत्तोरेसाहेब. तो तुमच्यासारखाच होता. कुणाबद्दल चांगला शब्द नाही."

मग गल्लीची कहाणी. लग्न होऊन आल्या तेव्हा इथे दोनशे माणसं. आता अकरा. बाकीच्या खोल्या पाहुण्यांच्या, दोन रात्री झोपून जाणाऱ्या. "पण अकराच्या खाली गल्ली आकडा जाऊ देत नाही," त्या म्हणाल्या. मी हे वाक्य टिपून घेतलं. वाचकांना असला गावंढळ मसाला आवडतो.

दुसऱ्या मजल्यावर पीना नावाची शिवणकाम करणारी म्हातारी आहे. जिन्यात भेटली, खोकत होती. मला बघून रडायलाच लागली. "किती दिवसांनी," म्हणाली. भ्रमिष्ट असावी.

६ ऑक्टोबर, बुधवार

खालच्या फोकाच्चावाल्याने, ओत्ताव्ह्योने, मी तोंड उघडायच्या आत कांदा घातलेला तुकडा कागदात गुंडाळून दिला. "घे रे, बाचिच्चा, तुझा नेहमीचा." गिऱ्हाइकाचं तोंड न बघता धंदा करणारा हा पहिलाच प्राणी. कांद्याचा मला लहानपणापासून तिटकारा. तरी सगळा खाल्ला. बोटं चाटून खाल्ला. का, ते कळत नाही.

मोलोचा निकाल लिहून टाकला. एक तारा. 'अंधारी, ओलसर वस्ती, रहिवासी वेडसर, जिने हाडं मोडणारे. वाचकहो, इथे उतरण्यापेक्षा स्टेशनच्या बाकावर झोपा.' वाचून बरं वाटलं.

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सकाळपासून बधिर आहेत. अंगाखाली हात दबला असणार. गादी तरी कसली, पोतं आहे नुसतं.

७ ऑक्टोबर, गुरुवार

नीट लिहिलं पाहिजे. घडलं तसं.

आज कास्तेल्लेत्तोला मुक्काम हलवायचा होता. सकाळी दहाला सूटकेस घेऊन उतरलो. गल्ली नव्वद पावलांची, टोकाला चौक. चौकाकडे चालत गेलो, कोपरा वळलो, आणि समोर ओत्ताव्ह्योचं दुकान. म्हणजे गल्लीचं उलटं टोक. हसलो. पुन्हा गेलो. पुन्हा दुकान. तिसऱ्यांदा पावलं मोजत गेलो.

मग जर्मन प्रवाशांचा एक घोळका आला, गळ्यात कॅमेरे, लालबुंद गुडघे. अशांच्या मागे जाण्यापेक्षा मरण बरं, असं एरवी म्हणालो असतो. त्यांच्या शेवटच्या बाईच्या पाठीला जवळजवळ चिकटून चाललो. ते कोपरा वळले. चौकातल्या उन्हात त्यांच्या पाठी मला दिसल्या, स्पष्ट दिसल्या. मी पाऊल टाकलं आणि ओत्ताव्ह्यो दारात उभा राहून हसत होता. "अरे बाचिच्चा, कुणाची सूटकेस उचललीस?"

सूटकेस उघडून बघितली. कपडे माझेच. कोटाची बाही हाताला लांब होते.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

एर्सीलियाबाईंना दमात घेतलं. हा काय चावटपणा चाललाय, पोलिसांकडे जाईन. त्या शेंगा सोलत होत्या, थांबल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, चौकीही चौकापलीकडेच आहे.

मग शांतपणे सगळं सांगितलं. एक गेला की गल्ली एक ठेवून घेते, जो त्याच्या जागी बसेल तो. आधी पाखरांसारखी नवी माणसं यायची, लग्नं व्हायची, पोरं व्हायची, गल्लीला असलं काही करावंच लागत नसे. "तुम्ही लोकांनी लिहिलंत, मग चाकांच्या बॅगा ओढत हे चाकवाले आले आणि आमची माणसं गेली. गल्लीने माणसं आणायची कुठून, सांगा ना? तुम्ही तर जाणकार."

मी मोठ्याने हसलो. हसण्याचा आवाज माझा नव्हता.

दुपारी क्लेलियाला फोन केला. क्लेलिया माझी धाकटी बहीण, आमच्या मासिकासाठी फोटो काढते. जगात एवढी एकच व्यक्ती आहे जिच्याबद्दल मी कधी वाकडं लिहिलेलं नाही. मी म्हणालो, क्लेलिया, मला इथून ने. असंच म्हणालो. पण तोंडातून बाहेर पडली ती इथली बोली, बंदरातल्या हमालांची. तिने विचारलं, "आजोबा, कोण हवंय तुम्हाला?" मी माझं नाव घेऊन ओरडलो. ती दचकली. माझ्या भावाचा फोन तुमच्याकडे कसा, तो कुठे आहे, ठीक आहे ना, विचारत राहिली. मग म्हणाली, मी येतेच तिकडे.

नको यायला, हे मला सांगता आलं नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

दोन बोटं गेली. रक्त नाही, दुखणं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची वाटावी अशी जुनी जखम.

आरशात — नाही, लिहिणार नाही.

पीना सकाळी गेली. शवपेटी खाली न्यायला चार जण लागतात, ओत्ताव्ह्योने मला हाक मारली आणि मी गेलो. पहिल्या मजल्यावरच्या वळणावर पेटी उभी करावी लागते, नाहीतर कठड्यात अडकते. हे मला कुणी सांगितलं नाही. मीच इतरांना सांगितलं.

पेटी घेऊन चौघे निघालो. तिघे कोपरा वळून गेले. मी दुकानापुढे रिकाम्या हातांनी उभा.

आता दहा.

एर्सीलिया दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या पुसतेय. उशीला नवा अभ्रा घातलाय तिने —

१० ऑक्टोबर, रविवार, सकाळ

आली. निळी सूटकेस, गळ्यात कॅमेरा. मी दारातच बसलो होतो. उठलो, तिचा हात धरला. जा, म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा. तिने हात सोडवून घेतला. चेहऱ्यावर ती किळस — आमच्या घराण्याची, ओळखली मी. मग कॅमेरा वर केला. "हलू नका हं, आजोबा. छान म्हातारा सापडला." क्लिक.

एर्सीलियाने तिला सांगितलं, तुमचा भाऊ कास्तेल्लेत्तोला गेलाय, येईल संध्याकाळपर्यंत. तोवर दुसऱ्या मजल्यावर आराम करा. खोली रिकामीच आहे.

दुपार

लिहिता येतंय अजून. वही हीच. अक्षर बदललंय पण शब्द माझे. ही तिच्या दाराखालून आत सरकवायची.

क्लेलिया. मी तुझा भाऊ. तो दारातला म्हातारा मीच. झोपू नकोस इथे. काही खाऊ नकोस. उजेड आहे तोवर चौकात जा, सामान राहू दे, मागे बघू —

विश्वास बसावा म्हणून एक खूण. आईच्या शेवटच्या दिवशी आपण दोघं गच्चीवर — काय बोललो होतो आपण? तू काहीतरी म्हणालीस. मी तुला म्हणालो —

नाव लिहितो. माझं नाव. रु — रुज्जे —

थांब. येईल.

आई तोरिनोची होती का? तोरिनोला मी कधी गेलोच नाही. बंदर सोडून कुठे गेलोय मी.

क्लेलिया, ऐक, अजून वेळ —

खाली कोण खोकतंय. पीनाच असणार. आणि वाकून बघतो तर ही कोण बया, तिच्या खिडकीत उभी राहून फोटो काढतेय? घर आहे का तमाशा? या चाकवाल्यांना एकदा चांगलं —