भरतातलं टमाटं आणि माझी मिळकत

गेल्या रविवारी आमच्या मळ्यात, भरताच्या दुसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली टमाट्याची साल आली आणि तिथून माझ्या आयुष्याचे सरळ दोन भाग झाले. सदर मृत्युपत्र दुसऱ्या भागात लिहिलेले आहे. हा दुसरा भाग आज दुपारच्या जेवणात, धुळे मुक्कामी संपण्याची दाट शक्यता असल्याने निघण्याआधीच लिहून ठेवतो.

मी, हितेंद्र तोताराम भोळे, वय वर्षे बावीस, धंदा केळीची शेती व नवीन पदार्थांचे प्रयोग, शिक्षण बी.एस्सी. दुसरे वर्ष (सोडलेले), राहणार नशिराबाद, तालुका व जिल्हा जळगाव, असे जाहीर करतो की माझी बुद्धी जागेवर आहे. माझा भाऊ पियुष याचे याबाबत वेगळे मत आहे, पण त्याला कोणी विचारलेले नाही. मी नशापाणी केलेले नाही, मला कोणी दम दिलेला नाही. काल रात्री घरी साधी खिचडी खाल्ली, हे डॉक्टरांना तपासात सोपे जावे म्हणून मुद्दाम नमूद करतो.

मृत्युपत्राची वेळ का आली ते आधी सांगतो, कारण माझ्यामागे लोक काहीही सांगतील.

त्या रविवारी मळ्यात भरताची पार्टी होती. घरचे, भाऊबंद आणि माझे कॉलेजचे मित्र. मयुरीही आली होती. मयुरीशी मला लग्न करायचे आहे. हे तिला माहीत आहे, तिच्या घरी माहीत नाही. ती सोबत तिच्या वडिलांना घेऊन आली. रुपचंद नाना, मूळचे साक्रीकडचे, आता धुळ्यात, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या ठेचून झाल्या, तेवढ्यात नाना बाह्या सारून मुसळ मागत म्हणाले, "लय, मी घोटस." सासरा होणारा माणूस आपण होऊन भरीत घोटतो म्हटल्यावर मी प्रेमाने लाकडी मुसळ त्यांच्या हातात दिले आणि पुऱ्या तळायला गेलो. हीच माझी चूक.

पंगत बसली. पहिला घास ठीक. दुसऱ्यात साल. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "भरतात टमाटं कोणी टाकलं?"

नानांनी हात वर केला. "मी टाकं. नवं करी दखं."

यानंतर मी जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण माझा कॉलेजचा मित्र प्रशील ते वाढवून सांगतो. मी म्हणालो, "नवं करायला तुम्हाला भरीतच सापडलं? घरी जा आणि मयुरीच्या आईला विचारा भरीत कसं करतात! वर्षभर त्यांच्या हातचा डबा खाल्लाय मी. दोन जिल्ह्यांत तोड नाही त्या हाताला! आणि तुम्ही त्यांच्याच घरात राहून काहीच शिकला नाहीत?"

सारी पंगत माना खाली घालून पानात बघू लागली. मला वाटले, माझा मुद्दा पटला.

डब्याचे असे, की मयुरी जळगावला हॉस्टेलवर राहायची आणि तिचा डबा धुळ्याच्या सकाळच्या गाडीने यायचा, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. तो स्टँडवरून आणायचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले होते. अर्धा डबा माझा, हे आमचे ठरलेले. प्रेमाची सुरुवात नेमकी कुठून झाली, मयुरीपासून की त्या डब्यातल्या भरल्या वांग्यापासून, हे आता कोर्टालाही सांगता येणार नाही.

गुरुवारी मयुरीचा निरोप आला. नानांचेच शब्द तिने पाठवले होते: "त्या पोऱ्याले आइतवारले जेवाले बलाव. बठ्ठं नवं करसू. एक भी जुनं नही." खाली तिने ठरलेली यादी दिली होती. ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, पिझ्झा, शेवभाजीचा केक, केळफुलाचे मोमोज आणि शेवटी ठेच्याची कुल्फी. भर पंगतीत ज्याचा अपमान केला तो माणूस दुसऱ्या आठवड्यात ठेच्याची कुल्फी करून बोलावतो, याचा अर्थ वाचणाऱ्याने स्वतःच लावावा. मी लावला आणि हा स्टॅम्प पेपर आणला.

तर आता वाटणी.

कलम पहिले. मळ्यातली मागची खोली, जिथे मी प्रयोग करतो, ती वडिलांच्या नावावर आहे व राहील. तिच्यातला वास माझा आहे. तो मी कोणाला देऊ शकत नाही, आणि आईने दोनदा चुना मारून पाहिला तरी तो जातही नाही.

कलम दुसरे. "चाखून सांगा" हा व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर मी घरी केलेल्या पदार्थांच्या कृती नातेवाइकांना व मित्रांना पाठवतो, त्याची अ‍ॅडमिनकी माझ्या आईकडे जावी. अट एकच, की न चाखता "छान" लिहिणाऱ्याला तिने ताबडतोब काढावे. या अटीने ग्रुपमध्ये आई एकटीच उरेल याची मला कल्पना आहे. तीही न चाखताच अंगठा दाखवते.

कलम तिसरे. माझा भाऊ पियुष याने घरभर सांगितले की माझी केळीच्या सालीची चटणी शेळीसुद्धा खाणार नाही, आणि नंतर खरोखर शेळीपुढे ठेवून त्याचा व्हिडिओ काढला. शेळीने तोंड फिरवले हे खरे आहे. पण ती शेळी त्या दिवशी आजारी होती. सदर चटणीची बरणी मी पियुषला देतो. ती त्याने एकट्याने, कोणालाही न वाटता संपवायची आहे. शेळीला देऊन चालणार नाही.

कलम चौथे. कॉलेज मी नापास झालो म्हणून सोडले, असे आत्याबाया सांगतात. हे खोटे आहे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये शेवभाजीत साखर घालत होते. मी आधी तोंडी सांगितले, मग लेखी अर्ज दिला, मग पातेले उपडे केले. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, आधी भाजीने मागावी. त्या कॉलेजला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. माझी अनामत रक्कमही त्यांनीच ठेवावी व तिची साखर आणावी.

कलम पाचवे. माझी लोखंडी कढई पुष्पाफुईला, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीला, आणि माझा ओव्हन माझा मित्र प्रशील याला द्यावा.

(हे कलम लिहीत असताना दोघेही समोर बसलेले होते व दोघांनाही मी साक्षीदार म्हणून बोलावले होते. प्रशील वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "थांब. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, घोळ होतो."

फुई म्हणाली, "मंग मी नाही करत सही-बिही. मले कढई पाह्यजे."

"फुई, मग साक्षीदार कोण?"

"त्याले कर ना. तो वकील व्हवून राह्यला."

प्रशील म्हणाला, "मी का? मला ओव्हन पाहिजे."

"तुह्या घरी लाईट राह्यते का धड? ओव्हन काय करशीन, कपडे ठेवशीन?"

वाद मिटेपर्यंत हे कलम अर्धवट ठेवतो.)

कलम सहावे. उरलेली सगळी मिळकत, म्हणजे माझी मोटारसायकल, ग्रुपवर न टाकलेल्या सगळ्या कृती आणि माझे मन, कु. मयुरी रुपचंद पाटील हिला द्यावे. तिच्या आईंना माझा साष्टांग नमस्कार सांगावा व म्हणावे, की मरताना माझ्या जिभेवर त्यांच्या हातच्या भरल्या—

येथे प्रशीलने माझा पेन धरला. म्हणाला, "कोणाच्या आईला नमस्कार?"

"मयुरीच्या."

"हितू, तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. आख्ख्या वर्गाला माहीत आहे."

मी म्हणालो, "मग डबा?"

"नाना करतात. तुला काय वाटलं, भूत करतं?"

"मला कोणी का सांगितलं नाही?"

"तू कोणाला बोलू देतोस?"

फुई म्हणाली, "अरे माय. अन् तू त्या माणसाले पंगतीत म्हनला का बायकोले ईचार?" आणि तिने कपाळावर हात मारला. कोणाच्या, तर माझ्या.

मी मयुरीला फोन लावला. तिचे बोलणे येथे उतरवून ठेवतो, कारण यापुढची कलमे त्यावरच उभी आहेत.

"तू विचारलंस कुठे? डबा उघडायचास आणि सुरू व्हायचास. 'आईला सांग, आज वांगं एक नंबर.' मी म्हणायचे, सांगते. आणि पप्पांना सांगायचे."

"मग ते चिडलेत ना? कुल्फीत विष आहे का?"

"चिडलेत? तू साऱ्या मळ्यासमोर ओरडून सांगितलंस की त्या हाताला तोड नाही. धुळ्याला येईपर्यंत गाडीत ते हसत होते, मधेच रडत होते. शेजारच्या बाईने त्यांना उलटीची गोळी दिली. तिला वाटलं, गाडी लागलीय."

मी तिला पुढे बोलू दिले. हे आयुष्यात पहिल्यांदाच झाल्याचे प्रशील सांगतो.

मग ती म्हणाली, "नीट ऐक. आई गेल्यावर पप्पा बोलायचेच बंद झाले होते. गॅसपाशी उभे राहायला लागले तेव्हा बोलायला लागले. म्हणून मी कधी कशाला नाव ठेवलं नाही. परवा करून पाहिलेला शेवभाजीचा केकसुद्धा मुकाट्याने खाल्ला. पण आज ते तुला विचारतील, कसं शे? खोटं बोलशील तर लगेच ओळखतील, तिकीट न काढलेला माणूस चेहऱ्यावरून पकडलाय त्यांनी जन्मभर. आणि खरं बोलताना ओरडलास, तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. समजूत काढायला मी मागे येणार नाही."

"मग करू काय?"

"खरं बोल. हळू आवाजात. एवढं एकदा जमव, मग लग्नाचं मी स्वतः पप्पांजवळ काढते."

मी सहज विचारले, तुला स्वतःला काय काय करता येतं? ती म्हणाली, "काही नाही. चहासुद्धा ऊतू जातो माझा."

सबब, कलम सहावे रद्द समजावे. त्याजागी पुढील वाचावे.

कलम सहावे (सुधारित). मयुरीला स्वयंपाक येत नाही हे पूर्णपणे समजून उमजूनही तिच्याशी लग्न करण्याची माझी इच्छा कायम आहे. उकडलेल्या केळीची कढी मी कॉलेजात नेली होती तेव्हा सगळे "मस्त" म्हणून हळूच वाटी सरकवत होते. तिने एक चमचा तोंडात घेतला आणि विचारले, "हे गिळू की थुंकू?" मला तेव्हाच कळायला हवे होते. मन तिलाच द्यावे. मोटारसायकलही.

कलम सातवे. हळू बोलण्याचा सराव मी साक्षीदारांसमोर केला. फुई नाना झाली. तिने पातेल्यातून हवा वाढली आणि विचारले, "कसं झालं?"

मी म्हणालो, "नाना, टमाटं—"

"हे हळू बोलला तू? गोठ्यातली म्हैस उभी राह्यली."

दुसऱ्यांदा मी इतका हळू बोललो की फुई म्हणाली, मेला वाटतं, कढई घेऊ का? तिसऱ्यांदा प्रशीलने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो दाबून धरला. तेव्हा जमले. ते वाक्य असे: "नाना, एवढं टमाटं काढा. बाकीचं वाढा." फुई पदराने पातेले पुसत राहिली. मग म्हणाली, "असं बोलशीन तं कुल्फीबी घशाखाली उतरीन."

या वाक्यानंतर नाना काय म्हणतात त्यावर हे मृत्युपत्र अमलात येते की फाडले जाते, ते ठरेल. ते "पुढे चला, पुढे जागा शे" म्हणून आणखी वाढत राहिले, तर फाडावे. त्यांनी पळी खाली ठेवली, तर मी ओरडणार नाही, एवढे येथे लिहून देतो. उठून पाण्याचा तांब्या भरीन, आणि त्यांच्या बायकोला कोणतं भरीत आवडायचं ते विचारीन. हे मला त्या रविवारीच विचारता आलं असतं.

कलम पाचव्याचा वाद आता असा मिटला, की फुईने कढई आणि प्रशीलने ओव्हन माझ्या हयातीतच, माझ्या डोळ्यांदेखत ताब्यात घेतला. त्यामुळे दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही व दोघेही सही करायला मोकळे आहेत.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, मोठ्याने वाचले, फुईच्या सांगण्यावरून पुन्हा हळू वाचले, आणि ते माझे खरे म्हणणे आहे म्हणून खाली सही केली.

ठिकाण: नशिराबाद
दिनांक: ११ जानेवारी २०२६, रविवार, सकाळ

सही: हितेंद्र तोताराम भोळे

साक्षीदार:
१. पुष्पाबाई (फुई), नशिराबाद. सही केली, कढई मांडीवर ठेवून.
२. प्रशील भिकन सुरवाडे, जळगाव. "मजकुराशी सहमत आहे असे नाही, फक्त सही पाहिली."

सह्यांनंतरची नोंद. ओव्हनची पिन कढईत कशी गेली यावरून साक्षीदार एकमेकांशी भांडू लागले आहेत. मी शर्ट बदलला. मयुरीचा पुन्हा निरोप आला: "पप्पा सकाळपासून दारात उभे आहेत. विचारतायत, त्या पोऱ्याले तिखट चालस का?" मी लिहिले, चालतं. मग खोडून लिहिले, बेताचं. हे पहिले खरे, आणि अगदी हळू.

आता पोटात भीती शोधतो आहे, तर सापडत नाही. भूक लागली आहे.

कागद पाट्याखाली ठेवला. निघतो म्हणालो, कोणी ऐकले नाही. बाहेर आलो आणि दार आपटले नाही, ओढून घेतले.