वि.च्या मोटारीचा मागचा आस

मंगळ., ता. ३ फेब्रुवारी १९३१. रेवदंडा.
वि.चे पत्र. मुलाचे अक्षर दोन वर्षांनी पाहिले. कराचीच्या गॅरेजातून, दोनच ओळी: माझी हत्यारांची पेटी पार्सलने पाठवावी. तब्येतीची चौकशी नाही. त्याचे मागचे पत्र मी मुद्रितासारखे तांबड्या शाईने तपासून परत पाठवले होते. तीस वर्षे वर्तमानपत्रात काढली, हात आपोआप गेला. त्यानंतर हेच.

गुरु. ५
पेटी माळ्यावरून काढली. तळाशी त्याची लाकडी मोटार. मॅट्रिकच्या वर्षी करत होता. अभ्यास बुडतो म्हणून मीच काढून घेतली होती. टप, पुढची चाके, घड्याळाची स्प्रिंग, तिच्यापासून मागे जाणारा दांडा, सगळे आहे. मागच्या चाकांचा आस नाही. पेटी पुढच्या शुक्रवारी टपालात टाकायची. तोवर आस करून घालावा. पत्रात काय लिहायचे ते सुचत नाही, तर निदान...

रवि. ८
तीन दिवस फुकट. दांडा फिरतो मोटारीच्या लांबीत, आस फिरायला हवा आडवा. एकाची फिरकी दुसऱ्याला द्यायची कशी?
वाड्यांतले रहाट दुरुस्त करणारा धोंडू सुतार सहज डोकावला. पाहून हसला. "तात्या, येवडी बुकं वाचलीत, आन् शेजारचा रहाट न्हाय दिसला?"
खरेच. बैलाचे चाक आडवे, गाडग्यांचे उभे, दातांत दात.

मंगळ. १०
सकाळी धोंडूच्या ओट्यावर. शिसवी लाकडाच्या दोन चकत्या, दातांना होडीचे बारीक तांब्याचे खिळे. मी कानस उचलली, त्याने काढून घेतली. "तुमी निस्तं धरून बसा." दोन तास बोलत होतो. इतके कुणाशी बोलल्याला किती दिवस झाले.
जेवताना एकटाच मोठ्याने म्हणालो, चाकांचे दात छान बसले. मग पुढचा भात कालवला.

गुरु. १२
ओहोटीला मोटार ओल्या वाळूवर नेली. चावी दिली. आस फिरला, दात कुठे अडकले नाहीत. मोटार चालली, पण उलटी. माझ्याच पायांशी आली.
धोंडू आधी हसला, मग ओशाळला. "सवयीनं चाक रहाटाच्या अंगाला बसवलं. ह्या अंगाचं त्या अंगाला घालतो. अर्ध्या तासाचं काम हाय."
म्हटले, राहू दे.
"चुकलेली धाडनार?"
"तशीच."
"मग माजं नाव नका सांगू."

शुक्र. १३
पेटी गेली. पोस्टमास्तरांनी विचारले, आत काय. हत्यारे, म्हटले. आणि एक खेळणे.
सोबतची चिठ्ठी चार वेळा लिहिली. शेवटी इतकेच ठेवले: "चि. विनायक यास अनेक आशीर्वाद. तुझ्या मोटारीला मागचा आस केला. उलटी जाते. माझे कुठे चुकले ते कळवावेस."

मंगळ. ३ मार्च
टपालात फक्त वर्तमानपत्र. पहिल्याच पानावर दोन चुका. खूण केली नाही.
संध्याकाळी बंदराच्या वाटेवर धोंडू भेटला.
"पोराला चूक गावली का?"
"शोधत असेल."
"अर्ध्या तासाचं काम हाय, तात्या."
हो, म्हटले.