रॅक नव्या गाडीच्या मापाचा

रवि. ९ नोव्हें.
चर्चमध्ये हंगामाचा सण. आमच्या रोपांच्या नर्सरीतून कोबी, टोमॅटो, एक भला मोठा भोपळा नेला. अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावात भोपळा शेवटी शीलानेच सोडवला. म्हणजे आमचा भोपळा बायकोच्या कृपेने आमच्याच घरी परत. आठवडाभर तोच खायचा आता.

पाळकसाहेब म्हणाले, "शमुवेलभाऊ, वर्षाची साक्ष द्या." उभा राहिलो. रोपांना मागणी चांगली, देवाची कृपा, इथवर ठीक होतं. मग तोंड सुटलं. म्हणालो, चौदा वर्षं माझ्या थोरल्या भावाने, दादाने, जुन्या पिकअपमध्ये कंबर मोडून घेतली, गावोगाव रोपं पोचवली, यंदा त्याच्या हातात नवी पिकअप देणार. सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. दादा मागे भिंतीला टेकून उभा होता, बाकावर त्याला फार वेळ बसवत नाही. रुमालाने डोळे पुसत होता.

परवा शुक्रवारी नगरच्या शोरूमला मी काळी गाडी बुक करून आलोय. पिकअप नाही. काळी, फोर बाय फोर, मोठ्या इंजिनाची. घरात कोणालाच सांगितलेलं नाही.

चर्चमध्ये उभं राहून खोटं बोललो. लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभरात स्वतःलाच वेगळं सांगत बसेन.

मंगळ. ११ नोव्हें.
का केलं ते लिहायचा प्रयत्न.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या मित्राबरोबर अकोले तालुक्याच्या डोंगरात गेलो. त्याची तसलीच गाडी. भंडारदऱ्याच्या अलीकडे एका वाडीवर जायचा रस्ता पावसाने धुऊन नेलेला, नुसते दगड. तो म्हणाला, घे तू चालव. लो गिअर टाकला. गाडी एकेक दगड चढत वर निघाली. वर पोचलो तेव्हा मी मोठमोठ्याने हसत होतो. मित्र बघतच राहिला. एवढा शेवटचा कधी हसलो होतो ते आठवेना.

सत्तेचाळीस पूर्ण. आयुष्य रोपांचे ट्रे मोजण्यात गेलं. एक गोष्ट नुसती स्वतःसाठी हवी वाटली तर

इथे पुढे काय लिहावं ते सुचत नाही. दोन्ही गाड्या परवडत नाहीत, एवढं नक्की.

शुक्र. १४ नोव्हें.
आज स्वतःची शोभा करून आलो. तीसेक रिकामे ट्रे घेऊन शोरूमला गेलो. म्हटलं, काळीची मागची सीट पाडली की रोपंही जातील, म्हणजे खोटं तितकंसं खोटं राहणार नाही. सेल्समन ट्रे रचताना हसू दाबत होता. बावीस बसले. जुन्या पिकअपमध्ये रॅक लावून दोनशे जातात. म्हणजे एका खेपेच्या नऊ-दहा खेपा, आणि रोपांखालच्या कोकोपीटचा चिखल त्या गुळगुळीत सीटवर.

सेल्समन म्हणाला, "सर, मग आमची पिकअपच घ्या ना. तीही यार्डात उभी आहे. बिल बनेपर्यंत बुकिंग बदलता येतं."
‘बघतो’ म्हणालो.
बघायचं काय आहे त्यात?

मंगळ. १८ नोव्हें.
खर्ड्याची ऑर्डर, मिरचीची रोपं. दादा पहाटे गेला. जामखेडच्या पुढे गाडी बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत तीन तास उन्हात. सावली नाही. प्यायच्या पाण्याचा कॅन होता तो सगळा रोपांवर शिंपडला. स्वतःला? "मला काय, मी काय मिरची हाय का सुकायला?"

दिवस मावळता परत आला. दार उघडून आधी एक पाय, मग हाताने धरून दुसरा पाय, मग टपाला धरून उभा. सरळ व्हायला किती वेळ लागला! मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. जाऊन हात द्यायला हवा होता. गेलो नाही. त्याच्या तोंडासमोर उभं राहायची लाज वाटली.

जेवताना म्हणाला, "जाऊ दे, आता नवी येतीच हाय."
मी "हो" म्हणालो. शीला माझ्याकडे बघत होती.

शनि. २२ नोव्हें.
दादा आज न सांगता एसटीने नगरला गेला. शोरूमच्या यार्डात जाऊन पांढऱ्या पिकअपच्या हौद्याचं माप घेऊन आला. आपल्या टेपने, दोनदा. आकडे हाताच्या पंजावर पेनाने लिहिलेले. तिथे कोणी त्याला ओळखत नव्हतं, म्हणून वाचलो. ‘वाचलो’ हा माझाच शब्द. धन्य.

"हौदा मोठा हाय, शमू. सात मजली रॅक बसतोय. वेल्डरला सांगून आलो येता येता. गाडी आली की थांबाया नको."

एवढी सोपी वेळ होती. दादा, थांब जरा, एवढंच म्हणायचं होतं. मी चहा ढवळत राहिलो. माझ्या चहात साखर नसते.

शुक्र. २८ नोव्हें.
रॅक आला. शेडनेटखाली उभा आहे. दादाने स्वतः हिरवा रंग दिला. कोपरे घासून गोल करून घेतलेत, ट्रे फाटू नयेत म्हणून. जुन्या गाडीत तो बसत नाही, रुंदीला वीतभर जास्त. येणारे-जाणारे गिऱ्हाईक विचारतात, आणि दादा सगळ्यांना सांगतो.

शीलाला शर्टाच्या खिशात बुकिंगची पावती सापडली. भांडली नाही. पावती इस्त्री केलेल्या शर्टावर ठेवली आणि शाळेत शिकवायला जाता जाता म्हणाली, "झालेला रॅक परत घेतात का हो वेल्डर?"
दिवसभर तेच डोक्यात.

शनि. २९ नोव्हें.
ठरवलं, आज सांगायचं. रोपांना पाणी सोडून झाल्यावर. मग कलिंगडाच्या रोपांचं गिऱ्हाईक आलं. मग दादा आडवा झाला होता. मग

नाही सांगितलं.

रवि. ३० नोव्हें.
उपासना सुटल्यावर पाळकसाहेब दारात उभे. सगळ्यांसमोर विचारलं, "काय शमुवेलभाऊ, कधी येणार पिकअप? समर्पणाची प्रार्थना करू."
दादाच पुढे झाला. "न्हाई घेत, साहेब. मीच नको म्हणलो. जुनी चांगली चालती. शमूला दुसरी घ्यायला लावली, जरा बऱ्यापैकी. सारखं बाहेर जावं लागतंय त्याला."

घरी येताना कळलं. काल माझा फोन नर्सरीत चार्जिंगला होता. शोरूमवाल्याचा आला, दादाने उचलला. "काळ्या गाडीचं बिल मंगळवारी बनवतो," म्हणाला.
"दादा, मी सांगणारच होतो."
"व्हय रे."
"तू रागाव तरी."
"कशापायी? तुला हौस हाय, घे की. लहानपनी पन तू जत्रंत गाडीच मागायचास. म्या जुनीला सवकलोय." मग थोडं चालून, "फक्त साक्षीत नको हुतं बोलाया. मी खरं धरून बसलो."

चिडून नाही म्हणाला. नुसतं सांगितलं. त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

दादा आयुष्यात चर्चच्या आवारात खोटं बोलला नव्हता. त्याने हिशेबातला एक टोमॅटोसुद्धा कधी लपवला नसेल. आज माझ्यासाठी बोलला, पाळकांच्या तोंडावर, बायाबापड्यांसमोर, आणि कंबर धरून. माझं खोटं माझ्यापुरतं होतं तोवर मी ते सहन करत होतो.

सोम. १ डिसें.
सकाळपासून काळीचा फोटो काढून बघतोय. अजूनही आवडते. हेच लाजिरवाणं आहे. पश्चात्ताप झाला की हौस मरते असं वाटलं होतं. तसं काही होत नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहतात.

शीलाला विचारलं, काय करू? म्हणाली, "मला नका विचारू. मी हो म्हटलं तरी तुम्ही उद्या माझ्यावर ढकलाल, आणि नाही म्हटलं तरी." खरं आहे.

संध्याकाळी शेडमध्ये गेलो. दादा रॅकच्या आडव्या पट्ट्यांवर खडूने खुणा करत होता. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापायचं, म्हणजे जुनीत बसेल. "एवढं चांगलं लोखंड वाया कशाला घालवायचं," म्हणाला. वाकवत नव्हतं, म्हणून खालच्या पट्ट्या तशाच राहिल्या होत्या. खडू माझ्या हातात दिला. "तेवढ्या खालच्या तू कर."

मी गुडघ्यावर बसलो आणि खुणा केल्या. सगळ्या. बरोबर मापाने.

बिल उद्या बनणार. वेल्डर कटर घेऊन नवाला येणार. शोरूम दहाला उघडतं.