अण्णांच्या सत्काराला मी गेलो होतो

मुलुंड (पूर्व),
सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

प्रिय चंदू,

सप्रेम जयभीम. नाशिकला थंडी पडली असेल. तुझी कार्डं आईच्या नावावर येतात, शेवटी 'बाबांना नमस्कार' असतो, तो पोचतो. आज मीच लिहायला बसलो, कारण काल घाटकोपरला अण्णांच्या निवृत्तीचा सत्कार झाला आणि कसा झाला ते तू विचारशीलच. आईला विचारशील म्हणा. पण तिला तपशील लक्षात राहत नाहीत.

कार्यक्रम पाचचा, सुरू झाला पाच पन्नासला. नगरसेवकांची वाट बघत होते. हॉल तोच, महापालिकेच्या शाळेचा, जिथे अण्णांनी दारुडे, गर्दुल्ले आणि डोकं फिरलंय म्हणून घरच्यांनी टाकलेली माणसं एका सतरंजीवर बसवली. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर. पण मानपत्रात 'पंधरा वर्षे अखंड सेवा' छापलेलं. अण्णांचं हे केंद्र एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, म्हणजे सोळा झाली. मी शेजारच्याला सांगितलं, तर म्हणतो, "काका, जाऊ द्या ना यार." जाऊ द्या कसं? माणसाचं एक वर्ष खाल्लं की!

मग लोक बोलायला उठले. विक्रोळीच्या शांताबाई म्हणाल्या, "माझा पोरगा अण्णांनी दुसऱ्यांदा जन्माला घातला." टाळ्या. तुझ्याबरोबर केंद्रात होता तो शिवदास म्हणाला, "बाप काय असतो ते मला इथं कळलं." पुन्हा टाळ्या. त्याचा बाप माझ्या पुढच्याच रांगेत होता, तोही वाजवत होता. मी हात मांडीवर ठेवले. माझ्याच्याने झालं नाही.

खोटं कशाला लिहू, मला अण्णांचा हेवा वाटतो. कालपासून नाही, चार वर्षं. मी सातवी पास. लेथवर उभ्या उभ्या ड्रॉइंग वाचायला आपलं आपण शिकलो. आज इंजिनिअर लोक माप तपासायला माझ्याकडे पाठवतात. घरातली कुठलीही वस्तू बिघडली तर बाहेर दिली नाही कधी. आणि पोरगा बिघडला तेव्हा गोराईचा एक मासेवाला, जो स्वतः एके काळी पिऊन गटारात पडायचा, त्याने तुला ताळ्यावर आणलं. मी नाही आणू शकलो.

केंद्रातल्या बैठकीचा तो गुरुवार आठवतो तुला? घरच्यांनी मागे भिंतीशी बसायचं, फक्त ऐकायचं, असा तिथला नियम. तू पहिल्यांदाच उभा राहिलास आणि म्हणालास, मार्चमध्ये मी गर्द ओढायला लागलो. आणि मी मागून ओरडलो, "मार्च नाही, फेब्रुवारी. अकरा तारखेला माझं घड्याळ गेलं." तू खाली बसलास. पुढे तीन गुरुवार तोंड उघडलं नाहीस. अण्णांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "भीमराज, तारीख तुमची बरोबर. पण पोरगा बोलत होता ना?" मला त्यांचाच राग आला. थोडा अजून आहे. तारीख बरोबरच होती. पण मग तू नाशिकला निघालास तेव्हा मी गाडीत चढून सीटचा नंबर तपासत बसलो, आणि खाली उतरून बघतो तर तुझा हात खिडकीतून बाहेर, अण्णांच्या हातात. गाडी सुटेपर्यंत तो मोकळा झाला नाही.

काल सगळे पांगल्यावर मी पुढे गेलो. नमस्कार केला, म्हटलं, वर्षं सोळा आहेत, पंधरा नाहीत. अण्णा हसले. म्हणाले, "आवाज ओळखला. चेहरा नाही दिसत." काचबिंदू आहे, चंदू. एक डोळा गेलाय, दुसराही चाललाय. म्हणून केंद्र सोडलं त्यांनी, वयामुळे नाही. कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. मग त्यांनी पिशवी चाचपून एक पाकीट माझ्या हातात दिलं. "चंदूचं पत्र आहे. आठ दिवस झाले येऊन. घरी बहीण आहे, सोनूबाई, तिला अक्षर येत नाही. बावीस तारखेच्या रविवारी गोराईला या नि वाचून दाखवा. माझ्याकडे या हारांत हरवेल. तुम्ही एक शब्द गाळणार नाही, माहीत आहे मला." म्हातारा लबाड आहे. कदाचित मुद्दामच केलं असेल.

पाकीट समोर आहे. जाडी हाताला कळते, सहा पानं तरी असतील. आमच्या वाट्याला कार्ड! काल दोनदा त्याच्या कडेवर नख टेकवलं. फोडलं नाही. तू ते अण्णांना लिहिलंस, मी ऐकीन हे तुला माहीत नव्हतं. तुझ्या वह्या मी न विचारता वाचल्यात, ते तुला ठाऊक आहे, आता पुन्हा तसं नको. म्हणून विचारतो: वाचू का? नको म्हणालास तर शांताबाईंच्या मुलीला सोबत नेईन, ती वाचील, मी बाहेर होड्या बघत बसेन, वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण बोलणार नाही. हो म्हणालास तर मध्ये न थांबता शेवटपर्यंत वाचीन. दोन शब्द लिहिलेस तरी पुरे. पण या वेळी कार्डावर नाव माझं घाल.

तुझाच बाप,
भीमराज