महादेवला नाही म्हटलं

१२ जून १९५४
महादेवला घेऊन मोठ्या दवाखान्यात. दोन महिने झाले, धाकट्याचा आवाज बसलेला. भजनाला उभा राहतो नि दुसऱ्याच अभंगात खरखर सुरू. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. आत गाठ आहे. तुकडा काढून तपासायला पाठवला.
विचारलं, बिडी कधीपासून?
"लहानपणापासून, साहेब," म. म्हणाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
फाटकाबाहेर आलो आणि दोघांनी बिड्या पेटवल्या. सवयच. त्याच्या बिडीला काडी मीच लावली.

१३ जून
एकदा लिहूनच टाकतो. सौ.लाही हे ठाऊक नाही.
मी सोळाचा, तो अकराचा. बाबांची बिडी चोरून विहिरीमागे ओढत होतो, तर हा येऊन उभा. "बाबाले सांगतो" म्हणाला. मी त्याचा हात पिरगळला, बिडी तोंडात कोंबली. "ओढ. आता सांग जाऊन." डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकला. मी हसत होतो.
बाबांना त्यानं सांगितलं नाही. चार दिवसांनी स्वतःच मागायला आला.
अठ्ठावीस वर्षं झाली.

२१ जून
कॅन्सर.
ऑपरेशन केलं तर काही आशा, पण आवाज जाईल. म. म्हणाला, "आवाज गेल्यावर मी कोन राहीन, साहेब?" डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, नाही केलं तर दिवाळी कठीण. आणि तुम्हीही ओढता ना? आजपासून बंद करा, दोघंही.
वाटेत म.नं विचारलं, "तुले का म्हने डॉक्टर?"
"बिडी सोड म्हने."
"बस? एवढंच?"
एवढंच, म्हणालो.

२२ जून
दोघांचे बिड्यांचे कट्टे चुलीत टाकले. कुलदेवतेपुढे हात धरून शपथ घेतली. सौ. म्हणाली, "मी वीस वर्सं सांगून थकली, तवा नाही आयकलं." यमुना, म.ची बायको, दारात उभी होती. मी भासरा, थोरला दीर, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासूनच. काही सांगायचं झालं की सौ.च्या तोंडून. आज पदराआड रडत होती; दुःखानं, की बरं वाटलं म्हणून, कळलं नाही.

२५ जून
तिसरा दिवस. मागावर हातभर विणलं नाही तोच तीनदा धागा तुटला. सकाळी पोट साफ होत नाही, बिडीशिवाय शरीर उठायलाच तयार नाही. बडीशेप चघळून जीभ सोलवटली. भाजीत मीठ कमी होतं म्हणून सौ.पुढे ताट ढकललं. ती म्हणाली, "बिडी सुटली, पन राग लागला माह्या मागं."
पलीकडच्या मागावर म. शांतपणे धोटा फेकतो. त्याला जमतं. मला का नाही?

९ जुलै
ऑपरेशनचं पुन्हा काढलं. नाही म्हणजे नाही. "दादा, देवानं मले दुसरं काय देल्लं गा? माग तर साऱ्याच कोष्ट्यायच्या घरी हाय."
रागावलो, ओरडलो. डॉक्टरांनी दिवाळीचं म्हटलं होतं ते तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं. नाही सांगितलं.

१८ जुलै
मोडली.
सूत आणायला इतवारीच्या बाजारात गेलो होतो. दुकानातल्या माणसानं सहज बिडी पुढे केली. हातानं घेतली, मी नव्हे. एक. मग त्याच्याकडूनच दुसरी. परत येताना चूळ भरली, कच्चा कांदा खाल्ला.
म. ओट्यावर बसलेला. "दादा, इकडं ये." गेलो. माझ्या सदऱ्याच्या गळ्याशी नाक आणून त्यानं डोळे मिटले. बराच वेळ तसाच.
"चांगला वास येऊन राह्यला," म्हणाला. आणि हसला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१९ जुलै
पुन्हा पहिला दिवस. यावेळी शपथ वगैरे नाही. त्याचं कालचं हसणं पुरे आहे.

२९ ऑगस्ट
काल पोळा, आज मारबत. गल्लीच्या तोंडाशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "रोगराई, खासी, खोकला घेऊन जाय वं मारबत!" म. उठून ओट्यावर आला. भिंत धरून उभा. ओठ हलत होते, तोही म्हणत होता. आवाज अजिबात नाही, नुसती हवा. ज्याच्या आवाजानं अर्धा कोष्टीपुरा एकादशीला जागा राहायचा.
मारबत गेली. हा तिथंच खोकत बसला.

१९ सप्टेंबर
दोन महिने पुरे. माझा खोकला थांबला. भाजीला चव लागते. सौ. म्हणते चेहऱ्यावर तेज आलं. लाज वाटते. एकाच भिंतीच्या अलीकडे एक भरतो आहे, पलीकडे एक वाळतो आहे.

७ ऑक्टोबर
म.च्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नाही. दुपारी त्याच्याजवळ मी एकटा बसलो होतो. कान त्याच्या तोंडाशी नेला तेव्हा समजलं.
"एक बिडी दे गा दादा."
म्हटलं, आपण शपथ घेतली.
"तुह्यी तू ठेव. मले आता काय होनार हाय?"
नाही म्हटलं. उठून मागावर येऊन बसलो. विणलं काहीच नाही.

८ ऑक्टोबर
यमुना आली. सौ. घरात असताना, तिला ओलांडून, सरळ माझ्यासमोर. पदर डोक्यावर, पण तोंड उघडं. एवढ्या वर्षांत तिचा आवाज समोरून आज पहिल्यांदा ऐकला.
"द्या त्यायले एक. हात जोडतो मी तुमाले."
माझ्या तोंडून गेलं, "जहर कसं देऊ मी त्याले?"
ती परत गेली.
सौ. म्हणाली, "ते आता चार दिवसाचे सोबती. काहून नाही देत? त्यायच्यासाठी नाही म्हनून राहिले, का सोतासाठी?"
खरं काय ते मला माहीत आहे. त्याच्या बिडीला काडी लावली असती तर दुसरी मी माझी पेटवली असती. भीती त्याच्यासाठी नव्हती.

१० ऑक्टोबर
सकाळी नऊ वाजता म. गेला. मी पाय चोळत होतो. काल, परवा पुन्हा बिडी मागितली नाही.

२२ ऑक्टोबर
तेरावं. भजनी मंडळी आली, त्याची जागा मधे मोकळी ठेवून बसली. जेवताना एक म्हातारबुवा चारचौघांत म्हणाले, "नारायणराव, धन्य हाय तुमची. एवढी जुनी सवय, भावापायी सोडली." सगळे माझ्याकडे पाहत होते. यमुना वाढत होती. माझ्या पानावर आली, वाढलं नाही, पुढे गेली.
नको होती तेव्हा जबरीनं दिली. हवी होती तेव्हा दिली नाही. त्याच्या वाट्याला आलेली ती दोन्ही माणसं मीच.

२७ नोव्हेंबर
सौ.ला विहिरीमागचं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. "यमुनाले सांगू नका," एवढंच म्हणाली. "तिच्याजवळ ठेवायले जागा नाही आता."

८ जानेवारी १९५५
म.चा माग तीन महिने रिकामा. सौ.कडून निरोप दिला, मी ताणा, उभे धागे, चढवून देतो, शिकवतो, यमुनेनं बसावं. बायका बसतातच. नाही तर दोन्ही घरची चूल एक करू.
उत्तर आलं: "सांगा त्यायले, मले त्यायचं काही नको."

१४ जानेवारी १९५५
संक्रांत. सौ. तिळगूळ घेऊन पलीकडे गेली, वाटी तशीच परत आणली. म्हणाली, "पाहून या."
गेलो. यमुना ओट्यावर बसलेली. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. शेजारची बाई तिला वळायला शिकवत होती. कारखान्याचा माणूस दर शनिवारी माल नेतो म्हणे. यमुनेची बोटं अजून सरावलेली नाहीत, बिडी सैल होते, ती उलगडते, पुन्हा वळते.
म्हणायचं होतं, हे नको, दुसरं काहीही कर. कोणत्या तोंडानं म्हणू?
तिनं वर पाहिलं. उठली नाही, पदर ओढला नाही. वळलेली एक बिडी सुपाच्या कडेला, माझ्या बाजूला ठेवली आणि पुढचं पान घेतलं. मोजायला ठेवली, की मला, ते समजलं नाही.
बिडी तिथंच ठेवून घरी आलो. भिंतीपलीकडून तंबाखूचा वास येतो आहे. आता रोज येईल. सौ. खिडकी लावायला उठली. मी म्हटलं, राहू दे.