सुभेदाराची तालीम

मु. उंब्रज, जि. सातारा
ता. २ सप्टेंबर १९४६

तीर्थरूप आक्कास,
नानासोचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दाजींनी परवा मोटारीनं आणून सोडलेलं कुत्रं खुशाल आहे. अंगानं भरलेलं, कानांनी सावध, आणि भाकरी शिळी असली तरी कुरकुर नाही. मी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. मनुबाईला ते पसंत नाही. तिचं म्हणणं, घरात एक पलटणवाला पुरे.

कुत्रं का धाडलंस ते मला कळलं. इटलीत डावा डोळा गेलाच, उजव्याला आता धुरातून पाहावं तेवढं दिसतं. मळ्यात जायचं तर मनुबाई हात धरून नेते. वाटेवरच्या विहिरीला कठडा नाही, म्हणून घरापासून मळ्यापर्यंत ती हात सोडत नाही. तिचं चुकत नाही. पण आम्हाला तसं जाताना पाहून बांधावरची माणसं बोलायची थांबतात, ते मला सोसत नाही. माझ्या मळ्यात मला बायकोनं न धरता जायचं आहे, एवढीच माझी मागणी.

मनुबाईशी करार झाला आहे. सुभेदारानं दसऱ्यापर्यंत मला विहिरीपाशी थांबवायला आणि वळसा घालून पुढं न्यायला शिकायचं. नाही जमलं तर तो कुपवाडला परत, आणि मी पुन्हा तिला हात सोड म्हणायचं नाही. उद्यापासून तालीम सुरू. पद्धत पलटणीची, म्हणजे शिट्टी, इंग्रजी हुकूम आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

दाजींस नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, थोडा सुभेदारावरही असू दे.
तुझा, नानासो

मु. कुपवाड, सांगली
ता. ७ सप्टेंबर १९४६

चिरंजीव नानासोस,
विजयमालाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एका पानावर सहा ओळी लिहितोस, त्यामुळं पाकीट इतकं जाड झालं की पोस्टमननं विचारलं, वैनी, खरेदीखत आलंय काय. डोळ्यांमुळं अक्षर मोठं काढावं लागतं हे मला ठाऊक आहे. तरीही स्वतःच्या हातानं लिहितोस याचा मला आनंद होतो.

पण नाव ठेवताना जरा विचार करायचास. तू हवालदार, तो सुभेदार. तुझा हुकूम तो कोणत्या नियमानं पाळील?

थट्टा राहू दे. ते कुत्रं आमचा शेजारी तवनाप्पा याच्या उसाच्या राखणीला होतं. तो सांगतो, लय गुणाचं हाय, उसातून डुकरं बाहेर काढतंय आणि थांब म्हटलं की जागच्या जागी थांबतंय. मग पलटणीचीच पद्धत कशाला? पोरं शाळेत घालताना आपण चार ठिकाणी विचारतो, तसं कुत्र्याचंही विचार. कुणाची पद्धत या कामाला बसते ते बघ. मारू मात्र नकोस. आणि त्याची खात्री पटेपर्यंत विहिरीकडं एकट्यानं जाणार नाहीस, ही माझी शपथ आहे. मला पाठचा तू एकटाच आहेस.

मनुबाईस आशीर्वाद. माझी आठवण ठेव आणि शपथेची तर त्याहून जास्त ठेव.
तुझी, आक्का

मु. उंब्रज
ता. १६ सप्टेंबर १९४६

तीर्थरूप आक्कास,
नानासोचा नमस्कार. वि. वि.

पलटणीची पद्धत बुडाली. 'सिट' म्हटलं की सुभेदार उभा राहतो, 'हॉल्ट' म्हटलं की मला ओढत नेतो, आणि शिट्टी वाजवली की जांभई देतो.

मग तू म्हणालीस तशी चौकशी केली. साताऱ्यात एक म्हातारा आहे, पूर्वी साहेबांच्या बंगल्यांवर कुत्री शिकवायचा. त्याची तालीम दोन महिन्यांची, कुत्रं त्याच्याकडंच ठेवायचं. शेवटी ते पुढचा पाय हातात देतं आणि वर्तमानपत्र तोंडात धरून आणतं. वर्तमानपत्र मला वाचता येत नाही, आणि दसरा त्याआधीच उलटेल. इथल्या बाजारात म्हसवडचा धुळा धनगर घोंगड्या विकायला आला होता. तो म्हणाला, आवं हवालदार, कुत्र्याला कोन शिकवतंय, मेंढरात सोडायचं, थोरल्या कुत्र्याचं बघून शिकतंय, एक सुगी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. मला ते पटलं होतं. पण परत आल्यावर ते तुमाला मेंढरू समजंल, असं मनुबाई म्हणाली.

शिवाय सुभेदाराची खोपडी उलटी आहे. मनुबाई भाकऱ्या थापताना 'नको बा, नको बा' म्हणून त्याला हाकलते, तर तो थेट तिच्या मांडीवर चढतो. शेजारच्या निळूला त्याची आई हाक मारते, तर हा चालता चालता खांबासारखा उभा राहतो. निळूला भितो म्हणावं, तर तो चाळिशीचा दमेकरी, त्याला कोंबडीही भीत नाही.

आता खरं लिहितो. काल मी तुझी शपथ मोडली. सुभेदाराला घेऊन विहिरीकडं गेलो आणि 'हॉल्ट' म्हणालो. तो थांबला नाही. मनुबाई लपत मागून येत होती, तिनं सदरा धरून मला मागं ओढलं म्हणून हे पत्र लिहितो आहे. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी भ्यालो, आक्का. लढाईत इतका भ्यालो नव्हतो. तवनाप्पा कुत्रं परत घेतो का, विचारून कळव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा, नानासो

मु. कुपवाड
ता. २० सप्टेंबर १९४६

चिरंजीव नानासोस,
आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी रडले. मग तवनाप्पाला बोलावून वाचून दाखवलं. 'नको बा' आलं तसा तो हसायला लागला. वाचत निळूपाशी पोचले तर त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे पुसत म्हणाला, आवं वैनी, त्या कुत्र्याला मराठी कुटं येतंय.

नानासो, त्याच्या उसाचा राखणदार सिद्धू अथणीकडचा आहे. त्याला कानडीशिवाय काही येत नाही, आणि कुत्रं त्याच्याच हाताखाली वाढलेलं. मी दोन वर्षं कुंपणावरून त्याला भाकरी टाकली, पण भाकरीला भाषा लागत नाही, त्यामुळं मला पत्ता नव्हता. चूक माझी. कानडीत 'बा' म्हणजे ये. मनुबाई त्याला दिवसभर ये, ये म्हणून बोलावते, आणि आला की ओरडते. 'निल्लु' म्हणजे थांब. आता निळूचं कोडं सुटलं? आणि 'होगु' म्हणजे जा, पुढं चल.

सिद्धूनं सांगितलेली तालीम अशी. रोज त्याच वाटेनं दहा वेळा जायचं. विहिरीच्या अलीकडं एकदाच, हळू, निल्लु म्हणायचं. मानेवर थोपटायचं, मग होगु. काही दिवसांनी शब्द सोडून द्यायचा, जागाच त्याला थांबवील. तेव्हा तालीमखाना बदलू नकोस, वस्तादानं भाषा बदलावी. आणि तोवर मनुबाई बरोबर हवी. आधी तिची माफी माग.

माझा जीव तुमच्यात अडकलेला आहे, पत्राला उशीर लावू नकोस.
तुझी, आक्का

मु. उंब्रज
ता. ७ ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप आक्कास,
नानासोचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

माफी मागितली. ती मिळायला तीन दिवस लागले.

तालीम खरी माझीच झाली. पहिल्या दिवशी हळू आवाजात 'निल्लु' म्हणालो आणि सुभेदार असा थांबला की मीच त्याच्यावर आपटलो. त्यानं वळून माझा हात चाटला. इतके दिवस मी परमुलखात आलेल्या जिवावर ओरडत होतो, याची मला फार लाज वाटली. आता निळूची आई हाक मारते तेव्हा रस्त्यात आम्ही दोघंही थांबतो.

दसऱ्याला दोरी हातात घेतली आणि मनुबाईला घरी थांबायला सांगितलं. विहिरीपाशी मी काहीच बोललो नाही. तो आपोआप थांबला. मी खाली वाकून हातानं चाचपलं, काठ वीतभर पुढं होता. मग होगु म्हणालो. बांधावर कुणी बोलायचं थांबलं नाही. एकानं विचारलं, काय हवालदार, यंदा जुंधळा कसा हाय. आपट्याची डहाळी मी माझ्या हातानं तोडली.

येताना विहिरीपाशी मागं बांगड्या वाजल्या. जातानाही वाजल्या होत्या, पण मी ऐकलं नाही असं दाखवलं होतं. मी मागं तोंड करून हळूच 'बा' म्हणालो. सुभेदार पायाशीच होता. आली ती मनुबाई. तिथून घरापर्यंत तिनं हात धरला नाही, मी धरला.

लोभ तू करतेसच, तो असाच चालू दे. दिवाळीला दाजींना घेऊन बा.
तुझा, नानासो